परदेशात इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी : सुरक्षिततेचा हिशेब कसा मांडावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत इंग्रजी विषय घेऊन एम.ए., बी.एड. झालेले तरुण-तरुणी कमी नाहीत. आणि त्यांच्यापैकी अनेकांचे दिवस तासिका तत्त्वावरच्या तासांत, विनाअनुदानित शाळेच्या अनियमित पगारात किंवा पवित्र पोर्टलवरच्या पुढच्या यादीची वाट पाहण्यात जात आहेत. अशा वेळी ‘परदेशात इंग्रजी शिकवा, राहण्याची सोय मोफत’ अशी जाहिरात मोबाइलवर आली, तर मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. घरात मात्र पहिला प्रश्न पगाराचा निघत नाही. ‘तिकडे वातावरण कसं आहे?’ हा निघतो. या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर न सोडता टप्प्याटप्प्याने कसे शोधावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे बरे. ‘अमुक देश सुरक्षित आहे का’ हा प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याचे खरे उत्तर कोणालाच देता येत नाही. विचारायचे ते असे : माझ्या पासपोर्टवर, या प्रकारच्या व्हिसावर, या संस्थेत आणि या शहरात काम करताना मला कशाकशापासून धोका आहे, आणि उद्या निघायचे ठरले तर कोणाचीही परवानगी न मागता आणि कोणाकडे हात न पसरता मला परत येता येईल का? या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी : मनातल्या भीतीची यादी

वही घ्यावी आणि मनात येणारी प्रत्येक भीती वेगळ्या ओळीवर लिहावी : युद्ध, अपघात, फसवणूक, आजारपण, पगार थकणे, एकटेपणा, पोलिसांचे लचांड, धर्मावरून किंवा रंगावरून होणारा त्रास. प्रत्येकीपुढे ती कितपत संभवते, घडली तर नुकसान भरून निघण्यासारखे आहे का आणि टाळणे आपल्या हातात किती आहे, हे लिहावे. ही यादी आईवडिलांसोबत बसून केली तर अधिक चांगले, कारण त्यांची भीती आणि आपली भीती बहुधा वेगळी असते.

यादी पूर्ण झाली की एक गोष्ट लक्षात येते. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या बॉम्बस्फोटाची भीती सर्वांत मोठी वाटते. पण आग्नेय आशियात शिकवायला जाणाऱ्या माणसाला सर्वांत जवळचा धोका रस्त्यावरच्या दुचाकीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत थायलंडमधील रस्ते अपघातांतील मृत्यूंचे लोकसंख्येच्या मानाने असलेले प्रमाण भारताहून बरेच जास्त दिसते. आखाती देशांत जाणाऱ्याला चोरीमारीपेक्षा करारातल्या एका कलमाने अधिक त्रास होऊ शकतो. म्हणून भीतीच्या आकारावरून तयारीचा क्रम ठरवू नये. आधी जी संभवते तिची तयारी करावी.

दुसरी पायरी : आपल्या पासपोर्टवर कायदेशीर काम मिळते का

या पायरीवर थोडे थांबायला हवे, कारण पुढची बहुतेक संकटे इथल्या दुर्लक्षातून उभी राहतात. इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांविषयी इंटरनेटवर जे मार्गदर्शन सापडते, त्यातले बरेचसे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांसाठी लिहिलेले असते. तेथील नियम आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा साधारणपणे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. त्यात भारत नाही. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना देताना अर्जदार इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक आहे का, हे पाहिले जाते. जपानमध्ये शाळांत शिकवण्यासाठी जो ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जा लागतो, त्यासाठी त्या भाषेच्या माध्यमातून बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी हा नियम आधी वाचावा आणि मगच जपानची स्वप्ने रंगवावीत. थायलंडमध्ये भारतीय शिक्षक आहेत, परंतु तेथे नॉन-इमिग्रंट बी प्रकारचा व्हिसा, कामाचा परवाना आणि शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिने दिलेली तात्पुरती सूट अशी तिहेरी कागदपत्रे लागतात.

याचा सुरक्षिततेशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध सरळ आहे. ज्या संस्थेला आपल्यासाठी कामाचा व्हिसा मिळवता येत नाही, तीच संस्था ‘आत्ता पर्यटक म्हणून या, नंतर बदलून देऊ’ असे सांगते, आणि आपल्याला कामाच्या व्हिसावर आलेल्या शिक्षकापेक्षा कमी पगारात राबवून घेते. चीनचा प्रवेश-निर्गमन कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याच्या ८०व्या कलमानुसार बेकायदा काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही होते. शिक्षा सोडा, खरा तोटा याहून मोठा आहे. पर्यटक व्हिसावर शिकवणाऱ्या माणसाचा पगार थकला, घरमालकाने बाहेर काढले किंवा वरिष्ठाने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, तरी तो पोलिसांत जाऊ शकत नाही, कारण तिथे पाऊल टाकताच पहिला गुन्हा त्याचाच निघतो. मालकाला हे पुरते ठाऊक असते.

म्हणून व्हिसाच्या प्रकाराचे अक्षर नीट पाहण्याची सवय लावावी. चीनच्या व्हिसावर ‘झेड’ असेल तर तो कामाचा, ‘एल’ असेल तर पर्यटनाचा, ‘एम’ असेल तर व्यापारी भेटीचा. एजंटने पाठवलेल्या कागदावर ‘बिझनेस व्हिसा’ असे ठळक छापलेले असले, की अनेकांना ते ‘टुरिस्ट’पेक्षा भारदस्त वाटते, शिकवण्याच्या कामासाठी मात्र दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत.

तिसरी पायरी : देश आणि शहर वाचणे

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि त्या देशातील भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळांवरील सूचना प्रथम वाचाव्यात. त्यानंतर अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या सरकारांनी आपापल्या नागरिकांसाठी दिलेल्या सूचनाही वाचाव्यात, कारण त्यांत देशाच्या एकेका प्रांतापर्यंतचा तपशील असतो. अमेरिकेच्या सूचनांना १ ते ४ अशा श्रेणी आहेत आणि ४ याचा अर्थ ‘जाऊ नका’ असा आहे. या सूचना त्यांच्या नागरिकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. भारत सरकारने काही ठिकाणी जाण्यावरच निर्बंध घातले आहेत. येमेनला जाण्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि ती मोडल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

अशांत देशांतल्या विद्यापीठांकडून येणारे प्रस्ताव पगाराच्या बाबतीत फार आकर्षक असतात. आपल्याकडच्या नेट-सेट झालेल्या आणि तरीही तासिका तत्त्वावर अडकलेल्या प्राध्यापकांना ते विशेष भुरळ घालतात. लिबियातील सिर्ते विद्यापीठात शिकवणाऱ्या चार भारतीयांचे २९ जुलै २०१५ रोजी अपहरण झाले. दोघांची सुटका लवकर झाली. उरलेल्या दोघांना सप्टेंबर २०१६पर्यंत वाट पाहावी लागली. हे अपहरण वर्गात किंवा घरात झाले नव्हते. ते भारतात परतण्यासाठी निघाले होते आणि त्रिपोलीच्या वाटेवरील एका तपासणी नाक्यावर त्यांना अडवण्यात आले. म्हणजे शहर शांत असणे पुरेसे नसते. शहरापासून चालू असलेल्या विमानतळापर्यंतचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हेही पाहावे लागते.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये लढाई पेटली तेव्हा राजधानी खार्टूमचा विमानतळच पहिल्या दिवसापासून बंद पडला. भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना बाहेर काढले. परंतु त्यासाठी बहुसंख्य लोकांना बसने सुमारे ८५० किलोमीटरवरील पोर्ट सुदान गाठावे लागले आणि तेथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दाहला जावे लागले. अशा मोहिमांमुळे सरकार आपल्याला घेऊन येईलच, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. सरकारने अनेकदा तसे केले आहे, हे खरे. पण दूतावासापर्यंत किंवा बंदरापर्यंत पोहोचण्याचे अंतर ज्याचे त्यालाच कापावे लागते. त्यामुळे नकाशा काढून तीन अंतरे लिहून ठेवावीत : शाळेपासून जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, दुसऱ्या देशाची जवळची सीमा आणि भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. ज्या देशात भारतीय दूतावासच नाही, तेथील काम कोणता शेजारचा दूतावास पाहतो, हेही शोधावे.

चौथी पायरी : संस्था आणि मध्यस्थ

भारतातून परदेशी मालकासाठी माणसे भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत मध्यस्थांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि बेकायदा मध्यस्थांची यादीही तेथेच प्रसिद्ध केली जाते. नोंदणीकृत मध्यस्थाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. जिल्ह्याच्या ठिकाणी कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’ची पाटी लावून दीड-दोन लाख रुपये रोख मागणारा माणूस ‘आम्ही एजंट नाही, सल्लागार आहोत’ असे म्हणत असेल, तर त्याने त्याच वाक्यात आपली नोंदणी नसल्याचे सांगून टाकले, असे समजावे.

इथे सुशिक्षितांच्या बाबतीत एक उणीव आहे. दहावी झालेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीएनआर प्रकारात मोडतो, म्हणजे त्याला आखाती देशांसह ठरलेल्या अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागत नाही. कमी शिकलेल्या मजुराच्या कराराची आणि विम्याची जी सक्तीची तपासणी होते, ती द्विपदवीधर शिक्षकाची होत नाही. सरकारने गृहीत धरले आहे की शिकलेला माणूस स्वतः कागद वाचेल. ईसीएनआर पासपोर्टधारकांनाही ई-मायग्रेटवर स्वेच्छेने नोंद करता येते. ती जरूर करावी.

शाळेची खातरजमा करताना मध्यस्थाने दिलेला फोन क्रमांक वापरू नये. शाळेचा पत्ता व क्रमांक स्वतंत्रपणे शोधावा, तेथे सध्या शिकवत असलेल्या आणि नोकरी सोडून गेलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिक्षकांशी बोलण्याची मागणी करावी. सोडून गेलेला शिक्षक अधिक मोकळेपणाने बोलतो. मुलाखत कशी घेतली जाते, यावरूनही पुष्कळ कळते. खरी शाळा वर्ग कितवीचे, पाठ्यपुस्तक कोणते, चाळीस मुलांना बोलते कसे कराल, असे विचारते आणि बहुधा नमुना पाठ घ्यायला लावते. दहा मिनिटांत ‘तुमची निवड झाली’ म्हणणाऱ्या आणि पुढचे संभाषण तिकिटावर नेणाऱ्या माणसाला शिक्षक नको आहे. असे संभाषण साधारण पुढीलप्रमाणे चालते :

‘सर, वर्क परमिटचं पत्र जाण्याआधी मिळेल का?’

‘अहो मॅडम, ते तिथे गेल्यावर होतं. सगळे असेच जातात. तुम्ही फक्त बँकॉकचं तिकीट काढा, आमचा माणूस विमानतळावर घ्यायला येईल.’

या उत्तरातली तिन्ही वाक्ये धोक्याची आहेत आणि त्यांतले शेवटचे सर्वाधिक. थायलंडने २०२३च्या अखेरीपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश देण्यास सुरुवात केली, ही सोय ठकांच्याही पथ्यावर पडली आहे. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला उतरवलेल्या तरुणांना गाडीने सुमारे ५०० किलोमीटरवरील माए सोत येथे नेऊन, मोई नदीपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीच्या वसाहतींत डांबायचे आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायचे, हा प्रकार अनेक भारतीयांच्या वाट्याला आला. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबाबत सावध केले आहे; मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणले. कंबोडिया आणि लाओसमधूनही असेच प्रकार उघडकीस आले आहेत. इंग्रजी चांगले बोलणारा आणि टायपिंग येणारा माणूस त्या टोळ्यांना हवाच असतो, म्हणून शिक्षकांनी हा धोका दुसऱ्याचा समजू नये. विमानतळावर घ्यायला आलेली गाडी शाळेच्या शहराच्या दिशेने जात नसेल, तर पहिल्याच पेट्रोल पंपावर उतरावे. सामान गेले तरी चालेल.

पाचवी पायरी : करारातील ओळी

करार सही करण्यापूर्वी हातात आला पाहिजे आणि ज्या भाषेतील प्रत तिथले न्यायालय ग्राह्य धरते, तिचा अनुवाद मागितला पाहिजे. पगार, तासांची संख्या, राहण्याची जागा, वैद्यकीय विमा आणि परतीचे तिकीट या बाबी सर्वजण पाहतात. दुर्लक्ष होते ते बाहेर पडण्याच्या कलमांकडे : राजीनाम्याची मुदत किती, मध्येच सोडल्यास दंड किती, व्हिसा रद्द करण्याचा खर्च कोणाचा आणि देश सोडण्यासाठी मालकाची संमती लागते का. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर जाताना मालकाच्या मंजुरीचा परवाना सक्तीचा केला आहे. एवढ्यावरून कुवेतला जाऊच नये, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु घरी आजारपण आले तर एका रात्रीत निघता येईल, हे गृहीत धरू नये.

पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत ठेवण्याची अट लेखी असो की तोंडी, ती मान्य करू नये. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कतार या देशांच्या कायद्यांनीही मालकाला कर्मचाऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवण्याची मुभा दिलेली नाही. व्हिसाचा शिक्का मारण्यासाठी तो काही दिवस द्यावा लागतो; तेव्हा लेखी पोच घ्यावी आणि परतीची तारीख लिहून घ्यावी.

सहावी पायरी : कागदपत्रे

मूळ पदवी प्रमाणपत्र कोणाही मध्यस्थाकडे ‘ठेव’ म्हणून देऊ नये. मूळ कागद अडकलेला माणूस त्या मध्यस्थापुढे कायम वाकलेला राहतो. बहुतेक देशांना पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी ग्वाही, लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. चीनमध्येही तो ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे, पण भारत आणि चीन यांच्यात तो चालत नाही. चीनसाठी आणि करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते. अपोस्टिलचे मंत्रालयाचे शुल्क प्रतिकागद ५० रुपये असून अधिकृत केंद्रांचे सेवाशुल्क वेगळे असते. यावरून काही हजार रुपये कशाचे मागितले जात आहेत, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

आपल्या भागातील उमेदवारांनी दोन खास अडचणी आधीच सोडवून घ्याव्यात. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वीच्या पदव्यांवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असेच छापलेले आहे, आणि परदेशी पडताळणी करणारा माणूस ते नाव शोधून ‘असे विद्यापीठ नाही’ असा शेरा मारू शकतो. विद्यापीठाकडून नामांतराविषयीचे पत्र घेऊन ते पदवीसोबत ठेवावे. दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, पासपोर्टवर क्रम निराळा असतो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांच्या बाबतीत तर दोन वेगळ्याच व्यक्ती असाव्यात असे दिसते. यासाठी राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेमार्फत ५०० रुपयांत मिळते; त्यासाठीही मध्यस्थाची गरज नाही.

सातवी पायरी : परतीचा पैसा

परतीचे विमानभाडे, एक महिन्याचा राहण्या-खाण्याचा खर्च आणि अचानक उद्भवणाऱ्या दवाखान्याची तजवीज एवढी रक्कम स्वतःच्या भारतातील खात्यात, परदेशात चालणाऱ्या कार्डासह, हात न लावता ठेवावी. ही रक्कम जमत नसेल तर प्रस्थान पुढे ढकलावे. कठोर वाटेल, परंतु जमीन गहाण टाकून, आईचे दागिने सोनाराकडे ठेवून किंवा नातेवाइकांकडून व्याजाने पैसे उचलून गेलेला माणूस वाईट नोकरी सोडू शकत नाही. पगार दोन महिने थकला तरी तो ‘हप्ता कसा फेडू’ या विचाराने तिसऱ्या महिन्याची वाट पाहतो, आणि त्याची ही अडचण मालकाला लवकरच कळते. मध्यस्थाचे शुल्क देण्यासाठी कर्ज काढावे लागत असेल, तर ती नोकरी सुरक्षिततेच्या दृष्टीने आधीच नापास झाली, असे मी मानतो. केळीच्या एका हंगामावर फेडू, असा हिशेब घरात कोणी मांडला तरी वादळ-गारपिटीने तो हंगाम कसा जातो, हे रावेर-यावलकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आठवी पायरी : तिथले कायदे आणि आपली बॅग

निघण्याच्या आदल्या रात्री आई डब्यांत काय काय भरते, ते स्वतः उघडून पाहावे. काळ्या मसाल्यात किंवा अनारशांवर खसखस असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या नियमांखाली बंदी असलेली वस्तू आहे. मसाला घरीच बिनखसखशीचा करून घ्यावा आणि अनारशांचा मोह सोडावा. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही अनेक देशांत पूर्वपरवानगी लागते. नियमित औषध असेल तर डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आणि मूळ वेष्टन जवळ ठेवावे. दुसऱ्याने दिलेले पार्सल, मग देणारा नात्यातला का असेना, नेऊ नये. मुंबईच्या एका दाम्पत्याला नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात हशीश निघाल्यामुळे २०१९ मध्ये कतारमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला २०२१ उजाडले.

शिक्षकांना विशेष लागू असणारी बाब शिकवण्यांची आहे. शाळा सुटल्यावर चार मुले घरी घेणे आपल्याकडे इतके सवयीचे आहे की त्यात काही नियमभंग असेल, असे मनातही येत नाही. बहुतेक देशांत कामाचा परवाना एका संस्थेपुरता असतो आणि बाहेरची शिकवणी म्हणजे बेकायदा काम ठरते. संयुक्त अरब अमिरातींनी डिसेंबर २०२३ मध्ये खासगी शिकवणीसाठी वेगळा परवानाच सुरू केला. तो घेतल्याशिवाय तेथे शिकवणी घेऊ नये. विद्यार्थ्याला चापट मारणे, पाठीवर थोपटणे, वर्गाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणे, राजा, धर्म किंवा शेजारी देश यांवर वर्गात मत मांडणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीवरून नोकरी जाऊ शकते आणि काही ठिकाणी पोलीस प्रकरणही होऊ शकते. राजकीय विनोद पुढे पाठवण्याची सवय निघण्यापूर्वीच मोडलेली बरी.

नववी पायरी : घर, रस्ता आणि रात्र

खोलीचे छायाचित्र मागण्याऐवजी चालू व्हिडिओ कॉलवर खोली दाखवण्यास सांगावे. दाराला आतून कडी आहे का, दुसरी किल्ली कोणाकडे असते, त्याच मजल्यावर कोण राहते आणि शाळा किती दूर आहे, हे विचारावे. महिला उमेदवारांनी यात संकोच करू नये. आशियातील खासगी भाषा केंद्रांचे वर्ग नोकरदारांच्या सोयीने संध्याकाळी चालतात आणि रात्री नऊला सुटतात. त्यानंतर घरी कशाने यायचे, याचे उत्तर करार करतानाच मिळाले पाहिजे. त्याच शहरात राहणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षिकेशी आधी दोन-तीनदा बोलून घेतले, तर कोणत्याही मार्गदर्शकात न मिळणारी माहिती मिळते.

दुचाकीचा विषय वर आलाच आहे. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असतो; व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतो. त्यामुळे गावात पंधराव्या वर्षापासून मोटारसायकल चालवलेली असली तरी तिथे ती चालवणारा कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. विमा घेताना दुचाकी अपघात, रुग्णालयातील भरती आणि मृतदेह किंवा रुग्ण मायदेशी आणण्याचा खर्च या तीन गोष्टी पॉलिसीत आहेत का, ते वाचावे. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आणि तिचे प्रमाणपत्र लागते, परत येतानासुद्धा.

दहावी पायरी : निर्णय आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस

कामाचा व्हिसा किंवा त्याचे अधिकृत मंजुरीपत्र, तपासलेली संस्था, हातात असलेला करार आणि परतीचा पैसा या चार गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी पूर्ण असाव्यात. यांपैकी एकही अपुरी असेल आणि मध्यस्थ ‘जागा जाईल’ म्हणून घाई करत असेल, तर जागा जाऊ द्यावी. देशाविषयीची भीती मात्र थोडी शिल्लक राहणारच. ती शून्यावर येण्याची वाट पाहिली तर भुसावळच्या स्टेशनापुढे कोणी जाणार नाही.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर आपली नोंद करावी. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा यांच्या प्रती घरातील एका जबाबदार माणसाकडे छापील आणि डिजिटल अशा दोन्ही रूपांत ठेवाव्यात. त्याच्याशी एक साधा शब्द ठरवून घ्यावा, जो फोनवर उच्चारला की ‘मी मोकळेपणाने बोलू शकत नाही’ असे त्याने ओळखावे. आखाजीला घरी येण्याविषयीचे एखादे ठरलेले वाक्यही चालेल. किती दिवस फोन आला नाही तर त्याने काय करायचे, तेही लिहून ठेवावे.

पगार थकला, पासपोर्ट अडकवला किंवा कामाचे स्वरूप बदलले, तर आधी शाळेला ईमेलने लेखी कळवावे, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. उत्तर न मिळाल्यास दूतावासाला आणि ‘मदद’ या सरकारी तक्रार संकेतस्थळावर कळवावे; घरच्या माणसालाही तेथे तक्रार नोंदवता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० हा आहे. पासपोर्ट हातात नसेल तर दूतावास भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, आणि अगदीच अडकलेल्या, हलाखीच्या स्थितीतील नागरिकांच्या तिकिटासाठी २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वापरला जातो. मध्यस्थाने फसवले असेल तर जिल्हा पोलिसांकडे तक्रार देताना उत्प्रवास कायद्याचाही उल्लेख करण्याचा आग्रह धरावा, आणि तिची प्रत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात असलेल्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयाला पाठवावी. पैसे दिल्याच्या पावत्या, बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणे तोपर्यंत पुसू नयेत.